पैठणी विणली कोणी?

गेल्या शनिवारी ताईच्या लग्नाच्या पैठणीसाठी आईला घेऊन पैठणला गेलो. दुकानदाराने पस्तीस हजारांची साडी उलगडली. "काकू, आमचाच माल. अस्सल हातकाम."

आईने काही न बोलता पदर उलटा केला. मागे सगळे मोकळे धागे! हाताने विणलेला मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतात. म्हणजे ही चक्क सेमी पैठणी.

मी विचारलं, "विणली कोणी?"

"आमचे कारागीर आहेत ना, साहेब."

नाव? गाव? पैठण की येवला? उत्तर नाही.

मंडळी, पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरही उत्पादकाचा पत्ता असतो. आमच्या कोडमधली एक ओळ चुकली तर ती कोणी, कधी लिहिली ते मिनिटात कळतं. आणि महिनोन्महिने मागावर बसणाऱ्याचं नाव मात्र गुपित? हातमाग चिन्ह २००६ पासून आहे, पैठणीला २०१०-११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन गाव सांगतं, माणूस नाही.

व्यापाऱ्याने नफा जरूर घ्यावा, भांडवल त्याचं अडकतं. यंत्रमागाची साडीही खुशाल विकावी, पण तसं सांगून. निनावी मालावर आपली चिठ्ठी लावून 'अस्सल' म्हणणं ही शुद्ध फसवणूक, गिऱ्हाइकाची आणि विणकराचीही.

तेव्हा पदर उलटा करा. विणकराचं नाव बिलावर लिहून मागा. नाही दिलं तर उठा.

आम्ही उठलो. ताईची साडी अजून घ्यायची आहे.