इतिहासाचा तास आणि बहिणीची सही



'इतिहास शिकून काय पोट भरणार आहे?' राजुरीत आमच्या गटाच्या बैठकीत आया हा प्रश्न नेहमी विचारतात. गणित-इंग्रजीला शिकवणी लावायची आणि इतिहास परीक्षेआधी पाठ करून टाकायचा, ही घरोघरची तऱ्हा. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. मुलींना इतिहास नीट शिकवलाच पाहिजे, कारण तो न शिकण्याची किंमत त्याच मोजतात.

कशी ते पाहा. बाप गेला की वारसनोंद होते आणि पाठोपाठ बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या धाकाने बहीण सही करते. वरून तिला वाटते, रीतच आहे, पहिल्यापासूनची! पण रीतीलाही सुरुवात असते, आणि ती बदलताही येते, हे तिला कोणी शिकवायचे?

हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये मुलींना दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तो मिळायला २००५ उजाडले. हा इतिहास नव्हे तर काय?

आमच्या मुली शिवनेरीच्या तालुक्यात वाढतात. जिजाऊ त्यांना ठाऊक आहेत, पण शिवरायांची आई म्हणून. १६६६ मध्ये शिवराय आग्र्याला गेले तेव्हा मागे कारभार सांभाळणाऱ्या जिजाऊ किती जणींना ठाऊक आहेत? याच तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब आहे : ११,००० गायी, १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. बाईच्या नावाने संपत्तीची नोंद आपल्या मातीला नवी नाही! अर्थात ती राणी होती. त्या गायींचे शेण काढणारीचे नाव कोणत्याच दगडावर नाही. हा प्रश्नही मुलींनी वर्गात विचारला पाहिजे. सनावळ्या घोकणे म्हणजे इतिहास नव्हे. कोणाचे नाव लिहिले गेले, कोणाचे गाळले आणि का, हे पुराव्याने तपासणे म्हणजे इतिहास.

पुरावा तर घरातच आहे. सातबारा आणि जुने फेरफार मुलींना वाचायला द्या. आजीचे, आत्याचे नाव कोठे लागले, कोणत्या साली कमी झाले, 'इतर हक्कात' कोण पडून राहिले, ते त्या स्वतःच शोधतील.

'तुम्ही घरात भांडणे लावता' असे म्हणतील. म्हणोत. बहिणीच्या गप्प बसण्यावर टिकलेला सलोखा हा सलोखा नव्हे.

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या गावच्या शाळेत जावे. मुख्याध्यापकांकडे वर्षातून एक तास फेरफारासाठी आणि एक सहल नाणेघाटासाठी मागावी. सही करण्याआधी कागद वाचणारी मुलगी आपल्याला हवी आहे.