वाघोबा खलनायक नव्हे!

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने मिळून एक चित्रकथा रचावयास घेतली. कथा माझी, चित्रे तिची. तिचा हात रांगोळीवर बसलेला आहे. तास चालू असताना वहीच्या समासात प्राध्यापकांची हुबेहूब चित्रे काढण्यातही तिचा हातखंडा आहे, पण त्याविषयी येथे अधिक न लिहिलेले बरे!

या उद्योगाचे मूळ एका परदेशी मालिकेत होते. मैत्रिणीच्या भावाच्या मोबाईलवर आम्ही ‘ट्रेसे’ नावाची चित्रमालिका पाहिली. फिलिपाईन्स देशातील बजेट टॅन हे लेखक आणि काहो बाल्डिसिमो हे चित्रकार. या दोघांनी २००५ पासून ही चित्रकथा चालविली. प्रथम प्रथम तर ते पाने झेरॉक्स करून, टाचून विकीत. पुढे २०२१ साली तिची मालिका निघाली आणि ती जगभर गेली. मनिला शहराच्या अंधाऱ्या गल्ल्या, घोड्याच्या तोंडाचा आणि माणसाच्या धडाचा ‘टिकबालांग’, रात्री रूप पालटणारे ‘आस्वांग’ आणि या सर्वांना सामोरी जाणारी अलेक्झांड्रा ट्रेसे नावाची तरुणी! झेरॉक्सची गोष्ट कळताच आम्हा दोघींना वाटले, हे तर आपल्यालाही जमण्यासारखे आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत भुतेखेते, देवचार, किल्ले आणि कडे यांना तोटा थोडाच आहे?

आम्ही लगेच कामाला लागलो. नायक ठरला. पिळदार मिशा, रुंद छाती, हातात दांडपट्टा. स्थळ माहुलीचा किल्ला. असनगाव स्टेशनावरून त्याचे सुळके दिसतात, त्यातला वजीर सुळका आम्ही शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवला. आणि खलनायक? अर्धा माणूस, अर्धा वाघ, रात्री गावात शिरून गुरे मारणारा. मातीचा वास यावा म्हणून त्याचे नाव ठेवले ‘वाघोबा’. बाराव्या पानावर नायकाने पट्टा फिरवला आणि वाघोबा कड्यावरून खाली कोसळला. ते पान पूर्ण झाले त्या दिवशी आम्ही दोघी स्वतःवरच फार खूश होतो.

ती पाने वाळत घातल्यासारखी घरात पसरली होती. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. मी कॉलेजात काय शिकते हे तिला कधी नीटसे सांगता आलेले नाही. माझी पुस्तके ती पदराने पुसून फळीवर ठेवते, एवढाच त्यांचा आणि तिचा संबंध. पण ही पाने ती वाचू लागली! एकेका चौकटीवर बोट ठेवीत ती पुढे सरकत होती, मध्येच हसत होती. बाराव्या पानावर बोट थांबले.

‘‘ह्यो कोन?’’

‘‘वाघोबा.’’

‘‘मंग त्याला मारलास कशाला?’’

मी म्हटले, ‘‘आजी, तो गुरे खातो ना!’’ ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आनि आपन रानात गुरं सोडतो ती कुनाच्या भरवशावर?’’

एवढे बोलून ती उठून गेली. रात्री मी तिला पुन्हा बोलते केले. आमच्या वाडीच्या वर, रानाची वाट सुरू होते तेथे, वाघोबाचा दगड आहे. वाघबारशीला, म्हणजे अश्विन वद्य द्वादशीला, गुराखी तेथे नारळ फोडतात, कोंबडे देतात. लहानपणी मीही प्रसाद खाल्ला आहे. परंतु त्यामागची गोष्ट मी तोवर कधी विचारलीच नव्हती. आजीची गोष्ट अशी: एका बाईला लग्नाआधी मूल झाले. ते मूल दिवसा माणूस आणि रात्री वाघ होई. गावाची गुरे कमी होऊ लागली. गावाने त्याला मारायचे ठरवले, तेव्हा आई मध्ये उभी राहिली. मुलाला ती म्हणाली, तू रानात राहा, गावात येऊ नकोस. गावाला ती म्हणाली, तुम्ही वर्षातून एकदा त्याला मान द्या, त्याचे त्याला ठेवा. दोघांनी ते कबूल केले. तेव्हापासून तो दगड तेथे आहे.

ही गोष्ट केवळ आमच्या वाडीची नाही. वारली, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या सर्वांत वाघोबाला मान आहे. वारली समाजाच्या वाघोबाविषयी २०२१ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे दीडशे वाघोबांच्या ठाण्यांची नोंद आहे. म्हणजे ज्याला आम्ही बारा पानांत संपवला, त्याच्याशी माणसांनी पिढ्यान् पिढ्या तह पाळला होता! माझ्या लेखनाची पहिली परीक्षा आजीने घेतली आणि मी सपशेल नापास झाले.

मित्रहो, मी वाघोबाला खलनायक का केला? याचा विचार करताना मला वाटते की दोष केवळ माझा नव्हता. चित्रकथा म्हटली की तिचा एक साचा आपल्या डोक्यात घट्ट बसलेला आहे. आमच्या एका सरांनी जपून ठेवलेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे जुने अंक मला दाखवले. टाईम्स समूहाने १९६४ साली ही मालिका सुरू केली आणि १९९० पर्यंत ती चालली. तिचा पहिला नायक म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्मिलेला ‘फँटम’. मराठीत त्याचे नाव ‘वेताळ’! आता वेताळ कोण हे मराठी माणसाला सांगावयास नको. वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला दगड, रात्री फेरी काढणारा, भुताखेतांचा राजा. त्याचे नाव उचलून एका बुरखाधारी गोऱ्या माणसाला दिले, आणि त्या रानातले मूळचे लोक त्याच्याभोवती भाले घेऊन उभे! अंक मजेदार आहेत, मी ते रात्र जागून वाचले हे प्रामाणिकपणे सांगते. पण रानातली माणसे कथेत नेहमी बाजूला उभी असतात, हे एकदा दिसले की मग डोळ्यांआड करता येत नाही.

१९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्रकथा’ आणली. तिने आपल्या पुराणांना आणि इतिहासाला चौकटीत बसवले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारखे कसलेले चित्रकार तिला लाभले. पण तेथेही राक्षस म्हटला की काळा, सुळे बाहेर आलेला, डोळे वटारलेला. आमच्या पानावरचा वाघोबा मी पुन्हा पाहिला. तो नेमका तसाच होता. मैत्रिणीने तो दगडावरच्या वाघावरून काढलाच नव्हता!

मग आम्ही ‘ट्रेसे’ दुसऱ्यांदा पाहिली. आणि काय सांगावे, पहिल्या वेळी आम्ही त्यातल्या मारामाऱ्याच तेवढ्या पाहिल्या होत्या! अलेक्झांड्रा ट्रेसे लढते हे खरे, परंतु तिचे खरे काम निराळे आहे. तिच्या वडिलांनी माणसे आणि ही अमानवी कुळे यांत एक करार घडवून आणलेला असतो. तो मोडला कोणी, याचा छडा ती लावते. पुष्कळदा मोडणारा माणूसच निघतो. टिकबालांगाच्या घरी जाऊन ती त्याच्याशी बोलते. म्हणजे तिकडच्या चित्रकारांना जे उमगले होते, तेच माझी आजी सांगत होती, आणि आम्ही मात्र त्यांची नक्कल करताना नेमके तेवढेच गाळले होते.

शस्त्राचेही तसेच झाले. दांडपट्ट्याविषयी मला अभिमान आहे. प्रतापगडावर १६५९ साली जिवा महालाने सय्यद बंडाचा वार अडवला ती गोष्ट कोणाला ठाऊक नाही? कोल्हापूरकडे मर्दानी खेळात पट्टा आजही फिरतो, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. पण आमच्या वाडीत पट्टा कोणी पाहिलेला नाही. आमच्याकडे आहे तो कोयता, कमरेच्या आकडीत अडकवलेला, काठी, गोफण आणि कातकऱ्यांचा तिरकमठा. फिलिपाईन्सची ‘आर्निस’ ही युद्धकला वेताच्या काठ्यांनी खेळतात, आणि शेतात, रानात वापरायचा त्यांचा ‘बोलो’ म्हणजे आपल्या कोयत्याचाच भाऊ. २००९ साली कायदा करून त्या देशाने आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि खेळ ठरवले. १५२१ साली मॅक्टन बेटावर लापुलापूच्या माणसांनी मॅगेलनला मारले, त्याचा अभिमान त्यांना अजून आहे. त्यांनी कथेसाठी घरातले शस्त्र उचलले. आम्ही मात्र किल्ल्यावरच्या शाहिरी पोवाड्यातले उचलून आणले, कारण कोयत्याला हात लावणे आम्हाला गावंढळ वाटले!

आता आक्षेपांकडे वळते. आमच्या वर्गातील एका मित्राने विचारले, ‘‘तुम्ही अंधश्रद्धा पसरवणार काय?’’ प्रश्न रास्त आहे. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तेथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझे उत्तर असे की बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याकडे अर्ज करावा आणि भरपाई घ्यावी, हे आजीलाही ठाऊक आहे. वाघोबाच्या गोष्टीतून गंडेदोरे विकता येत नाहीत. रान सगळे आपल्या बापाचे नाही, त्यात दुसऱ्याचाही वाटा आहे, एवढेच ती सांगते. यात अंधश्रद्धा कोठे आली?

दुसरा आक्षेप मैत्रिणीचाच. खलनायक नसेल तर मुले वाचतील काय? यावर आम्ही आठ दिवस भांडलो. माझे म्हणणे, करार मोडणारा कोणीतरी हवाच, तो वाघ असण्याची गरज नाही. शहापूर तालुक्याला मोडणारा शोधायला दूर जावे लागत नाही. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे भातसा झाले. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि पाणी मुंबईला. एप्रिल-मे लागला की याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावतात. नळ उशाशी आणि घसा कोरडा!

तिसरी गोष्ट मलाच टोचते. मैत्रिणीने मध्यंतरी सुचवले की सगळी चित्रे वारली पद्धतीने काढू, ‘छान दिसतील’. मी नको म्हटले. ती चित्रे वारली सुवासिनी लग्नाच्या चौकासाठी भिंतीवर काढीत, जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणून जगाला दाखवली आणि २०११ साली पद्मश्री मिळवली. ती शोभेची नक्षी म्हणून चिकटवण्याचा आम्हाला काय अधिकार? आधी कोणा वारली चित्रकाराकडे जाऊन शिकावे, विचारावे, मग पाहू. परंपरेतील चित्रकारांनीच चित्रकथा केली तर ती कशी होते, याचा नमुना आपल्या देशात आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी २०११ साली ‘भीमायन’ केले, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावर. त्यांनी चौकटी साफ नाकारल्या. गोड बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द पक्ष्याच्या आकारात, आणि विषारी बोलणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात! ते पुस्तक ग्रंथालयातून आणून आजीला दाखवले. नांगी तिला न सांगताच कळली.

तर आता आमची कथा अशी झाली आहे. नायकाच्या मिशा पुसल्या. त्याच्या जागी एक पोरगी आली, लाकडाला जाणारी, आकडीत कोयता असलेली. एका वाघबारशीला गाव वाघोबाच्या दगडापाशी जाते तो तेथे दगडच नाही, रानही नाही, नुसती मोजणीची खूण. वाघोबा विचारायला निघतो. कोणाला विचारणार? तो तानसाच्या जलवाहिनीच्या कडेकडेने मुंबईकडे चालू लागतो, आणि कोणी त्याला गोळी घालण्याआधी ती पोरगी त्याला गाठू पाहते. वाटेत म्हसोबाची यात्रा येते. मुरबाडच्या म्हसा गावची ही पौष पौर्णिमेची यात्रा, बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. तेथे वाघोबा घोंगडी पांघरून माणसांत बसतो. हे पान आमचे सर्वात चांगले झाले आहे. सिद्धगडही आहे. तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांनी मारले. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडणारा हा दस्ता मुरबाडच्याच रानात वावरत होता. त्यांच्या स्मारकापाशी पोरगी एक रात्र काढते. शेवट अजून ठरलेला नाही. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी दोघे उभे आहेत, येथवर आलो आहोत. फाटक उघडावे की नाही, यावर वाद चालू आहे.

एकूण पंधरा पाने झाली. झेरॉक्सचे पैसे जमले की पन्नास प्रती काढून म्हशाच्या यात्रेत मांडायच्या असा बेत आहे. आजी रोज संध्याकाळी नवे पान मागते. काल तिने वाघोबा बराच वेळ निरखला आणि तो आता बरा दिसतो म्हणाली, फक्त शेपूट अजून आखूड आहे.