जॅझ म्हणजे ‘त्यांचा राग’ नव्हे

जॅझ ऐकणाऱ्या मराठी माणसांची जमात लहान, पण भारी बोलकी. दोघे भेटले की तिसऱ्याला गाठतात आणि त्याच्या हाती एखादी तबकडी देतात. हल्ली तबकडीऐवजी मोबाइलवर यादी पाठवतात, एवढाच फरक. या उत्साहाबद्दल माझी तक्रार नाही. मीही त्याच जमातीतला. तक्रार आहे ती तबकडीबरोबर न चुकता येणाऱ्या एका वाक्याबद्दल. ‘‘अहो, घाबरताय काय? जॅझ म्हणजे त्यांचं रागसंगीतच की!’’ बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की बडोदे, वाक्य तेच. ज्याच्या घरी मल्लिकार्जुन, भीमसेन आणि कुमार यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत तो हे ऐकून निर्धास्त होतो. म्हणजे आपल्याला हे येतेच, नवे काही शिकायला नको!

माझे म्हणणे असे, की हे वाक्य आता टाकून द्यावे. त्यातला ‘राग’ हा शब्द चुकीचा आहे, आणि ‘त्यांचा’ हा शब्दही निम्मा चुकीचा आहे.

आधी रागाचे पाहू. या वाक्यासोबत जी तबकडी हाती दिली जाते ती बहुतेक वेळा एकच असते: माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ साली, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेपुरते विंटन केली), बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. तबकडी थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. आमच्या जमातीत तिच्या आवृत्त्यांवर रात्री जागवल्या जातात. पहिल्या बाजूच्या तीन रचना ध्वनिमुद्रण यंत्राच्या वेगातल्या दोषामुळे कित्येक वर्षे किंचित चढ्या स्वरात ऐकू येत होत्या आणि १९९० च्या दशकात ती चूक दुरुस्त झाली, हे सांगताना आमच्या एका मित्राचा चेहरा असा उजळतो, की जणू वेग त्यानेच दुरुस्त केला!

पण शिफारस करताना तिचीच निवड का होते? कारण तीत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे जुडगे, फार वेळा बदलत नाहीत. एकेक स्वरसप्तक बराच वेळ टिकते आणि वादक त्यात रमतो. आपल्या कानाला हे ओळखीचे वाटते. पहिलीच रचना ‘सो व्हॉट’ घ्या. तिचे सप्तक आपल्या काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. झाले, लगेच ‘हा तर काफी!’ म्हणून टाळी. पण पुढे ऐका ना. चार-चार मात्रांचे सोळा खंड हा काफी चालतो, आणि सतराव्या खंडाला अख्खी इमारत अर्ध्या स्वराने वर सरकते. षड्जच बदलतो! आठ खंड वरच्या षड्जावर, मग पुन्हा आठ खंड मूळ षड्जावर, आणि असे बत्तीस खंडांचे चक्र अखेरपर्यंत फिरत राहते. आपल्याकडे बैठक रंगात असताना तंबोऱ्याच्या साथीदाराने खुंट्या पिळून षड्ज अर्ध्या स्वराने वर नेला आणि थोड्या वेळाने मुकाट्याने पुन्हा खाली आणला, तर त्याला पुढच्या बैठकीला कोणी बोलावील काय? आणि ही जॅझमधली त्यातल्या त्यात ‘रागासारखी’ रचना बरे का. षड्जाचे हे सरकणे हीच तिच्यातली गंमत आहे. काफी ऐकत बसलेल्या माणसाला ती दोष वाटते, नाही तर मुळी ऐकूच येत नाही.

बरे, पुढची तबकडी कोणती देणार? त्याच कोल्ट्रेन यांची ‘जायंट स्टेप्स’. तिच्या नावाची रचना मे १९५९ च्या पहिल्या आठवड्यात ध्वनिमुद्रित झाली, म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’ पुरी होऊन पंधरवडाही उलटला नव्हता. माणूस तोच, वाद्य तेच. पण इथे सोळा खंडांत कॉर्ड सव्वीस वेळा बदलते आणि एकमेकांपासून दूर असलेल्या तीन षड्जांवर उड्या पडत राहतात, त्याही भयंकर वेगाने. टॉमी फ्लॅनगन यांच्यासारखा कसलेला पियानोवादकही आपल्या पाळीला मध्येच अडखळतो; ते तबकडीत तसेच राहिले आहे. रागाची किल्ली घेऊन आलेला श्रोता या कुलपापाशी उभा राहतो आणि किल्ली लागत नाही. मग तो म्हणतो, ‘‘पहिलं छान होतं, हे काही कळत नाही बुवा.’’ आमची जमात यावर त्याच्या कानाला बोल लावते. बोल किल्ली देणाऱ्याला लावायला हवा.

दुभाषी मुलखात राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरातले शेंबडे पोरही जाणते, की हिंदीत ‘शिक्षा’ शाळेत मिळते आणि मराठीत ती शाळा बुडवल्याबद्दल मिळते. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपली ‘चेष्टा’ वेगळीच. शब्द सारखा दिसला म्हणून अर्थ सारखा धरू नये, उलट तिथेच जास्त सावध राहावे, हे शहाणपण आपण सीमेवरची माणसे बाजारात, कचेरीत, सोयरिकीत रोज वापरतो. संगीतापाशी आले की मात्र ते कुठे जाते कोण जाणे. दोन्हीकडे आयत्या वेळी सुचलेले वाजवतात, म्हणून दोन्ही एकच! असे म्हटले तर कीर्तनकार आणि वकीलही एकच.

मग जॅझवाला नेमका कशावर विस्तार करतो? आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या. त्यांना एकदा अशीच तबकडी ‘रागासारखी’ म्हणून ऐकवली गेली. पाच मिनिटांनी त्यांनी विचारले, ‘‘मुखडा गेला कुठं?’’ तबकडी लावणारे म्हणाले, ‘‘काकू, हा आलापच समजा.’’ प्रश्न लाखाचा होता आणि उत्तर फुकट गेले. जॅझमध्ये धून आरंभी वाजते, मग नाहीशी होते आणि बहुधा एकदम शेवटी परत येते. मधल्या काळात तिच्याखालच्या कॉर्डची साखळी मात्र त्याच क्रमाने, तेवढ्याच मात्रांत पुनःपुन्हा फिरत असते. वादक त्या न दिसणाऱ्या साखळीवरून चालतो. मुखडा गेलेला नाही, तो जमिनीखाली गेला आहे, एवढे काकूंना सांगितले असते तर पुढचे त्यांनी स्वतःच ऐकले असते.

नाटकाच्या पदांवर वाढलेल्यांना याचे एक उलटे उदाहरण घरचेच आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चालींवर मराठी पदे बसवली. चाल जुनी, शब्द नवे. चार्ली पार्कर आणि त्यांच्या साथीदारांनी १९४० च्या दशकात जुन्या गाण्यांची चालच काढून टाकली आणि खालची कॉर्डची साखळी ठेवून तिच्यावर नवी चाल रचली. १९४५ सालची त्यांची ‘को-को’ ही रचना ‘चेरोकी’ या गाण्याच्या साखळीवर उभी आहे. मूळ गाणे ठाऊक असणारा मनातल्या मनात ते गुणगुणतो आणि वर पार्कर काय करतो ते ऐकतो. हा आनंद आहे, आणि तो ‘राग समजा’ म्हणून मिळत नाही.

साम्य मुळीच नाही असे नाही. चक्राच्या पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात तेव्हा समेला आल्यासारखे वाटते, ते वाटणे खरे आहे. पण तबलजी ठेका धरून बसतो तसा ड्रमवाला बसत नाही. मात्रा मोजण्याचे पुष्कळसे काम बास उचलतो आणि ड्रमवाला अधूनमधून टोमणे मारत असतो.

आता कोणी म्हणेल, अहो, कोल्ट्रेन यांना स्वतःलाच आपल्या संगीताची ओढ होती! होतीच. १९६१ मध्ये त्यांनी ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. रविशंकरांबद्दल त्यांना आदर होता, १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. पण पाहुण्याने आपल्या घरचे लोणचे मागून घेतले म्हणून त्याचे घराणे आपले होत नाही. कोल्ट्रेन वाढले नॉर्थ कॅरोलिनात. त्यांचे दोन्ही आजोबा कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले धर्मोपदेशक. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅममधल्या अशाच एका चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बाँबस्फोट केला आणि चार मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ वाजवले. संथ, जवळजवळ बोलल्यासारखे. आमच्यातल्या एका जाणकाराने त्याची शिफारस करताना ‘अगदी करुण आलापी’ असे म्हटले आणि पुढच्या रचनेकडे वळला. मुलींचा उल्लेख नाही, चर्चचा नाही. ‘आपल्यासारखे’ म्हणण्यात हा धोका असतो. दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या रागाचे नाव दिले की त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी संपते.

आता ‘त्यांचा’ या शब्दाचे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे वाजवून गेले. या मंडळींकडून जॅझ उचलणारे होते गोव्याचे वादक. गावच्या चर्चशाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले, पोटासाठी मुंबईला आलेले. हळदोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ त्यातलेच. ट्रम्पेटवादक म्हणून ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्यांनी मुंबई गाजवली. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ची (१९५१) गाणी कोणत्या मराठी घरात वाजली नाहीत? भगवानदादांच्या त्या नाचांमागचा दणका निम्मा चिक चॉकलेट यांच्या मंडळींचा आहे, आणि ही मंडळी त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. त्याच वर्षीच्या ‘नादान’ला त्यांनी स्वतः संगीत दिले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यमेळ रचले. पण श्रेयनामावलीत नाव संगीतकाराचे. गोन्साल्विस यांचे नाव देशभर झाले तेही १९७७ च्या एका चित्रपटातल्या गमतीच्या गाण्यामुळे, आणि ते गाणे आपल्या गुरूच्या नावाचे आहे हे प्यारेलालांनी सांगितले तेव्हा कुठे लोकांना कळले.

‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये एका रचनेपुरता पियानो कोणाचा, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगणारे आमचे जाणकार. ‘अलबेला’तला ट्रम्पेट कोणाचा, हे विचारा आणि गंमत पाहा. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक २०१२ साली आल्यावर हा इतिहास निदान मांडणीवर तरी आला. मराठीत मात्र आपण अजून ‘त्यांचा राग’ म्हणतो. कोणाचा? पणजीहून निघालेली बस चार-पाच तासांत बेळगावला येते हो. ख्रिस पेरी यांच्या संगीतावर लॉर्ना यांनी गायिलेली कोकणी गाणी लावून पाहा; ट्रम्पेट ओळखीचा वाटेल आणि भाषाही निम्मी कळेल.

नव्या माणसाला पहिल्यांदा काय द्यावे, हे न सांगता पळ काढणे बरे नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’ तिसरी-चौथी द्या. ‘टाइम आउट’मधल्या ‘टेक फाइव्ह’चा मोह आवरा, पाच मात्रा ऐकल्या की आपला माणूस ‘झपताल!’ म्हणून हात वर करतो, आणि तिथे तर विभाग तीन-दोनचे आहेत, झपतालासारखे दोन-तीनचे नव्हेत. आपण मुळात गळ्यावर प्रेम करणारी माणसे, तेव्हा गळ्यापासूनच सुरुवात करावी. एला फिट्झजेराल्ड यांच्या फेब्रुवारी १९६० मधल्या बर्लिनच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका घ्या आणि तीतले ‘हाउ हाय द मून’ लावा. आधी त्या शब्दांसकट गातात, तेव्हा चाल मनात पक्की धरा. षड्ज एकेका पायरीने खाली उतरतो तेही लक्षात येईल. मग शब्द गळून पडतात, लय वाढते आणि निव्वळ अक्षरांनी त्या कित्येक मिनिटे उधळतात. मध्येच पार्करची, याच साखळीवर रचलेली एक धून डोकावून जाते. तुम्ही मूळ चाल मनात म्हणत राहा, बोटांवर खंड मोजा. पहिल्या खेपेला चुकाल. त्याच मैफलीत ‘मॅक द नाइफ’ गाताना बाई शब्द विसरतात आणि जागच्या जागी नवे रचून गाणे तडीस नेतात. बर्लिनचे लोक किती खूश होतात ते ऐकण्यासारखे आहे.