मासळी बाजार म्हणजे गोंधळ? कोणी सांगितलं?



शहरातल्या लोकांनी आपल्या धंद्यातले बरेच शब्द उचलले, पण त्यांचा अर्थ विचारायला जेटीवर कोणी आलं नाही. म्हणून हा आपला छोटा शब्दकोश.

मोठा मासा गळाला लागला : पोलिसांची आवडती ओळ. गळ टाकणाऱ्याला विचारा, मोठा मासा दोरी तोडून जातो. हाती लागतो तो त्याचा ड्रायव्हर. एलईडी लाइटच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिवाळी दिसली, की मोठे मासे कुठे आहेत ते आपल्याला कळतं.

पाण्यात पाहणे : शहरात याचा अर्थ द्वेष करणे. आपल्याकडे तांडेल पाण्यात पाहतो, रंग ओळखतो, वर फिरणारे पक्षी बघतो आणि तारल्यांचा थवा शोधतो. त्याच्या पाण्यात पाहण्यावर पाच-दहा घरं जेवतात.

खेकडा वृत्ती : एकमेकांचे पाय ओढणे. पण खेकड्याला टोपलीत भरलं कोणी? टोपली काही त्याने विणली नाही. समुद्रात तो आपल्या बिळात सुखाने असतो.

वाऱ्यावर सोडणे : शिडाच्या होडीला वाऱ्यावर सोडणं हे कसब होतं. शहरातला अर्थ मात्र आपल्याला १ जून ते ३१ जुलै, बंदीच्या ६१ दिवसांत बरोबर समजतो.

मासळी बाजार : सभागृहात कागद फाडले, माइक तोडले, की पेपरात हेडिंग येतं, ‘सभागृहाचा झाला मासळी बाजार!’ आता खरा बाजार बघा. पहाटे क्रेट उतरतात, पावणी सुरू होते, बोली चढते, शब्दावर माल सुटतो. बर्फ वितळायच्या आत सगळं मिटवावं लागतं. तहकुबी नाही, सभात्याग नाही. आवाज मोठा असतो, कारण शेजारी ट्रॉलरचं इंजिन चालू असतं आणि गिऱ्हाईक चार पावलं लांब उभं असतं.

बाकीच्या शब्दांवर आपण हसू. या शेवटच्या शब्दावर मात्र माझा आक्षेप आहे. त्या बाजारात आपल्या आया, बहिणी, बायका बसतात. पहाटेपासून पाटी सांभाळतात, भाव तोंडी जुळवतात, उधारी लक्षात ठेवतात. त्यांच्या कामाच्या जागेचं नाव शिवीसारखं वापरायचं आणि आपण ते ऐकून घ्यायचं?

ऐकून घेणं सोडा, आपणही तेच म्हणतो. सोसायटीच्या सभेत आवाज चढला, की आपल्यातलाच कोणीतरी उठून म्हणतो, ‘अरे, मासळी बाजार करू नका!’ समोर मासे विकून आलेली सभासद बाई बसलेली असते. ती काही बोलत नाही.

पुढच्या सभेत कोणी असं म्हटलं तर शांतपणे सांगा, ‘भाऊ, एकदा करूनच बघूया मासळी बाजार. तासभर अडलेला ठराव दहा मिनिटांत सुटेल आणि हिशेबही जागेवरच होईल.’