कागदी चलनाचे जनक कोण?

कागदी चलन ही सावकारी बुद्धीची निर्मिती, असे आपण सहज म्हणतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा इतिहास निराळा आहे. १६९० साली क्वेबेकवरील स्वारी फसली. लुटीतून वेतन भागविण्याचा बेत बुडाला, तिजोरी रिती होती आणि बिनपगारी शिपाई बंडाच्या पवित्र्यात होते. त्यांना शांत करण्यासाठी सरकारने ७,००० पौंडांच्या नोटा काढल्या. करभरण्यात त्या स्वीकारल्या जातील, एवढाच त्यांना आधार! भाकरीची निकड असलेल्या शिपायाला हा आधार काय कामाचा? त्याने त्या पडत्या भावाने विकल्या. १६९२ साली करापोटी नोटा देणाऱ्यास ५ टक्के अधिक मूल्य मिळू लागले. तोवर शिपायांच्या हाती नोटा उरल्या होत्या किती?