कलाशिक्षण आणि जगाची ओळख



आपल्या घरातील मुलगा अथवा मुलगी चित्रकला शिकू लागली म्हणजे वडीलधाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : अजिंठा आपल्या दाराशी असता ग्रीस, चीन, जपान येथील कला कशाला अभ्यासावी ? प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर पुराव्यानेच दिले पाहिजे.

पहिला पुरावा अजिंठ्याचाच घ्या. तेथील ५ व्या शतकातील चित्रांत जो गर्द निळा रंग आहे, तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. गांधारातील बुद्धमूर्तींच्या चीवराच्या चुण्या पाहा. त्यांवर ग्रीक-रोमन शिल्पाची छाप आहे. ज्या मूर्तीस आपण वंदन करतो, तिच्या इतिहासात अनेक देशांच्या हातांचा वाटा आहे. शुद्ध, अस्पर्श अशी संस्कृती जगात कोठेही नाही. सोवळ्याच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या दूर ठेवल्या गेलेल्या समाजाला या सत्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसरा पुरावा नंदलाल बोस यांचा. १९०९-१० च्या हिवाळ्यात त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात ते शिकवू लागले, आणि १९२४ साली रवींद्रनाथांसमवेत चीन व जपान पाहून आले. म्हणून ते परके झाले काय ? मुळीच नाही. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी शेतकरी, मल्ल, वादक असे खेड्यातील कष्टकरीच रंगविले. पुढे भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रतही त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी सजविली. तीत सिंधुखोऱ्याची मुद्रा आहे, बुद्धचरित्रातील प्रसंग आहे, आणि अकबरही आहे. जग पाहिलेल्या हातांनीच आपल्या हक्कांच्या ग्रंथाची पाने रेखाटली.

हा केवळ आवडीनिवडीचा विषय नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे २७ वे कलम सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा व कलांचा आस्वाद घेण्याचा हक्क प्रत्येकास देते. तो हक्क घरातल्या घरात आखडता घेऊ नका.

मात्र अभ्यास म्हणजे नक्कल नव्हे. मुलांना संग्रहालयात न्या आणि प्रत्येक वस्तूपुढे चार प्रश्न विचारावयास शिकवा : ही कोणी घडविली, कोणासाठी, कशापासून आणि कोणत्या काळी ? जो दुसऱ्याच्या निर्मितीला हे प्रश्न आदराने विचारतो, तोच स्वतःच्या वारशाची उत्तरे निर्भयपणे देऊ शकतो.