सुगंधी चहाची गुणपत्रिका

अलीकडे दवाखान्यात रुग्णांच्या पिशवीतून जुन्या रिपोर्टांबरोबर आणखी एक वस्तू टेबलावर येऊ लागली आहे. ती म्हणजे चहाचे खोके. मुलाने पुण्याहून आणलेले असते, जावयाने दुबईहून पाठविलेले असते, नाहीतर कुणी दिवाळीला भेट दिलेले असते. खोक्यावर फुलापानांचे चित्र, आत दोऱ्याच्या पुड्या, आणि रुग्णाचा प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, हा घेतला तर बी.पी.ला चालेल का? वजन उतरेल का? साखर कमी होईल का?" हा चहा लागतो कसा, असे मात्र कुणीच विचारीत नाही. वास्तविक चहाविषयी पहिला प्रश्न तोच असावयास हवा.

या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे, कारण ही खोकी जमविण्याचा नाद मला स्वतःलाच आहे. काही भेट आलेले, काही विकत घेतलेले असे चोवीस प्रकार आमच्या कपाटात साठले होते. यंदाच्या पावसाळ्यात त्यांतील बहुतेक रांगेने चाखून प्रत्येकाला दहापैकी गुण द्यावयाचे ठरविले. परीक्षक चौघे : मी, आमच्या सौ., दवाखान्यातील कंपाउंडर आणि शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक. गुरुजींनी आयुष्यभर पेपर तपासले असल्याने फुकटचे गुण कुणाला मिळणार नाहीत, याची खात्री होती.

चहा चाखण्याचेही शास्त्र आहे. त्यासाठी आय.एस.ओ. ३१०३ नावाचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे : १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, आणि सहा मिनिटे झाकण. साखरेचा प्रश्नच नाही. मग चहाचा व्यावसायिक परीक्षक चमच्यातला चहा मोठ्याने भुरका मारून ओढतो, तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. भुरका मारल्याने चहाबरोबर हवा आत जाते आणि सुगंध घशामागून नाकात चढतो. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला मोठा हिस्सा वासाचाच असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते यामुळेच. तेव्हा बशीतून भुरके मारणाऱ्या आजोबांना नातवंडांनी हसू नये. बशीचा दुसराही फायदा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून अधिक गरम पेये ही अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून नोंदविली. चहा कोणता, हे महत्त्वाचे नाही. तो किती कढत घशाखाली जातो, हे महत्त्वाचे. बशीत ओतला की चहा निवतो.

पहिला मान मोगऱ्याच्या चहाचा. चीनमधील फूच्यान प्रांतात तो पूर्वापार होतो, आणि त्यात घालतात ते फूल म्हणजे आपला मोगराच. सायंकाळी उमलू लागलेल्या कळ्या हिरव्या चहाच्या पत्तीत मिसळून ठेवतात. रात्रभर पत्ती वास शोषून घेते. सकाळी फुले काढून टाकतात आणि पुन्हा ताजी घालतात. चांगल्या प्रतीला असे अनेक वेळा करतात. सौ.चे पहिले मत, "हा देव्हाऱ्यात ठेवायचा की प्यायचा?" असे होते. पण दुसऱ्या घोटाला त्यांनीच ९ गुण दिले. एकच पथ्य : पाणी उकळून थोडे निवू द्यावे. खळखळत्या पाण्यात हिरवा चहा कडू होतो, आणि मग लोक नाक मुरडून म्हणतात, औषधच आहे, कडू असणारच.

अर्ल ग्रे हा साहेबी चहा. त्यात बर्गामॉट नावाच्या, लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचे तेल असते. हे फळ मुख्यतः दक्षिण इटलीत होते. कोरा प्यावा, फार तर पातळ चकती लिंबाची घालावी. आमच्याकडे तो पहिल्यांदा नेहमीप्रमाणे दूध घालून उकळला गेला आणि साबणाचे पाणी झाले. दुसऱ्या वेळी सर्वांनी मिळून ७. या चहाची एक गंमत वैद्यकीय साहित्यात आहे. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००२ साली ऑस्ट्रियातील ४४ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीगत आली होती. ते रोज चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पीत आणि त्यांच्या स्नायूंत गोळे येत. साध्या काळ्या चहावर परत येताच त्रास थांबला. संशय बर्गामॉटच्या तेलातील एका घटकावर होता. दोन कपांनी काही होत नाही. पण सुगंध म्हणजे नुसती हवा नव्हे, हे यावरून कळावे.

लापसांग सूचाँग हा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळविलेला चीनचा चहा. डबा उघडताच गुरुजी म्हणाले, "अहो, हा तर बंबातल्या पाण्याचा वास!" आणि बालपणीच्या आठवणीने की काय, ८ गुण देऊन बसले. सौ.चे २. इतका मतभेद दुसऱ्या कोणत्याही चहावर झाला नाही. काश्मिरी कहव्याला मात्र एकमताने ८. केशर, वेलची, दालचिनी, वर बदामाचे काप; थंडीच्या दिवसांत त्याला तोड नाही.

कॅमोमाइल हे शेवंतीच्या कुळातील फूल. त्याने झोप लागते असे खोक्यावर लिहिलेले असते. पुरावा तोकडा आहे. आम्हाला वाळल्या गवताचे पाणी लागले. ४ गुण. या कुळातील फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि आमच्या परसातील गवती चहा, आले ठेचून, साध्या पत्तीत? ९. तो कपाटातला नव्हे, पण तुलनेसाठी घेतला होता, आणि मोगऱ्याच्या बरोबरीने आला. किंमत शून्य रुपये.

आता स्ट्रॉबेरी चहा. वास घेतल्याबरोबर शाळेतल्या सुगंधी खोडरबराची आठवण झाली. पाकिटावर बारीक अक्षरात 'कृत्रिम स्वाद' असे छापलेले होतेच. तिघांनी २ गुण दिले, कंपाउंडरने ७. चौकशी करता कळले की त्याने कपात गुपचूप तीन चमचे साखर घातली होती. "साखर घातल्यावर छान लागतो, साहेब," हे त्याचे उत्तर. मला वाटते, या सबंध परीक्षेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच.

कारण आपण चहा पितो असे म्हणतो खरे, पण चाखतो ती साखर. सपाट चमचाभर साखर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला पाच कप धरले तर ४० ग्रॅम झाली. महिन्याला सव्वा किलोच्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. आपण नुसत्या चहातच त्याच्या दीडपट घेतो. शिरा, बिस्किटे आणि जिलेबी निराळी. बाजारातील लेमन टीच्या तयार पुडीची गोष्ट याहून वाईट. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिले नाव साखरेचे असेल तर ते सरबत आहे, चहा नव्हे. आणि हल्ली चौकाचौकात गुळाच्या चहाची दुकाने झाली आहेत. गूळ चवीला उत्तम, मला आवडतो. पण त्यातही बहुतांश साखरच असते, आणि मधुमेह्याच्या रक्ताला त्यातला फरक कळत नाही. 'शुगर फ्री' म्हणून गुळाचा चहा विकणे ही मला शुद्ध फसवणूक वाटते.

सुगंधी चहाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ज्याला स्वतःचा वास आहे अशा चहाला साखर कमी लागते. मोगरा आणि कहवा आम्ही बिनसाखरेचेच प्यायलो आणि कुणाचीही तक्रार नव्हती. घरच्या चहातही गवती चहा, आले, वेलची, दालचिनी वाढवावी आणि साखर आठवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवावी. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात. माझ्या मधुमेही रुग्णांपैकी ज्यांनी हे केले त्यांना आता पूर्वीचा चहा गोड गोड लागतो.

याउलट, औषध समजून घेतलेल्या चहाचे अनुभव ऐका. आमच्या कपाटात लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा होता. रंग सुरेख, चव आंबट, कोकम सरबत कोमट करून प्यावे तशी, ६ गुण. या चहाने रक्तदाब थोडा उतरतो हे खोटे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६५ लोकांनी सहा आठवडे भाग घेतला; रोज तीन कप घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी उतरला. पण ही माणसे थोडासाच रक्तदाब वाढलेली आणि गोळ्या न घेणारी होती. माझ्याकडील एका गृहस्थांनी हीच बातमी मोबाइलवर वाचून गोळ्या बंद केल्या आणि चहा सुरू केला. दोन महिन्यांनी डोके दुखते म्हणून आले तेव्हा वरचा आकडा १९० होता. १९० मधून ७ गेले तर किती उरतात, हे हिशेब करण्यासाठी डॉक्टर लागत नाही.

ज्येष्ठमधाचा चहा त्याहून फसवा. साखर न घालता गोड लागतो, म्हणून मधुमेह्यांना हवासा वाटतो; आम्हीही चवीला ७ दिले. पण ज्येष्ठमध रोज आणि भरपूर पोटात गेला तर शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. मधुमेह आणि रक्तदाब हातात हात घालून येणारे विकार असल्यामुळे ज्याला तो हवासा वाटतो त्यालाच तो वर्ज्य.

'स्लिमिंग टी' नावाचे एक खोके मात्र आम्ही फोडले नाही. घटकांत सोनामुखी होती. सोनामुखी म्हणजे जुलाबाचे औषध. सकाळी पोट साफ होते, काटा अर्धा किलो कमी दाखवितो आणि बाई खूष होतात. गेलेले असते ते पाणी. चरबी जागच्या जागी. रोज घेत राहिले तर पोटॅशियम जाऊन अशक्तपणा येतो आणि आतड्याला त्याशिवाय हालण्याची सवय राहत नाही. लग्न ठरलेल्या मुलींना असली खोकी भेट देणाऱ्या मैत्रिणींना माझी हात जोडून विनंती आहे की, त्यापेक्षा पुस्तक द्यावे.

आता मला सर्वांत काळजी वाटते ती गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. आणि आपल्या घरांत बाईमाणूस जेवण उरकते ते बहुधा चहाच्या कपावरच. चहातील तुरट द्रव्ये भाजी-भाकरीतील लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. हे १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत दरबानजवळच्या वस्तीतील भारतीय वंशाच्या स्त्रियांवर प्रयोग करून दाखविले गेले आहे. दूध घातल्याने यात विशेष फरक पडत नाही. आणि 'हर्बल' म्हणून सुटकाही नाही. १९९९ सालच्या एका अभ्यासात पेपरमिंटचा चहा याबाबतीत काळ्या चहाच्या जवळपास निघाला. उपाय साधा आहे : जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे आणि पानात लिंबाची फोड घ्यावी. लिंबाने लोह शोषले जाण्यास मदत होते. मटकी-चवळीला मोड आणून खाणाऱ्या घरांत पुढच्याच मिनिटाला चहाचा कप येतो, तेव्हा ती सारी मेहनत अर्धी वाया जाते.

गोळ्यांचेही तसेच. लोहाची गोळी चहाबरोबर गिळू नये, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याने घ्यावी आणि चहाला निदान अर्धा तास थांबावे. पुष्कळ भगिनी ती पहिल्या चहाच्या घोटाबरोबरच घेतात आणि मग डोस वाढवून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. गरोदर स्त्रीने दिवसाला दोन कपांवर जाऊ नये आणि हर्बल मिश्रणाचे खोके असेल तर घटकांची यादी आधी दाखवावी. खोके बरोबर घेऊन या, मला त्रास नाही; उलट एखादा न चाखलेला प्रकार निघाला तर गुरुजींना बोलावून घेईन.